बोलता येईल तेवढं पळ

शाळेत खेळाचा तास सुरू झाला की माझं काम ठरलेलं असे. लिंबाच्या झाडाखाली बसायचं आणि पोरींच्या चपला सांभाळायच्या. वालूरसारख्या गावात चपला कोण चोरणार? पण या पोरीला काहीतरी काम दिलं पाहिजे म्हणून खेळाच्या सरांनी ते शोधून काढलं होतं. मला दमा होता आणि मी जाड होते. या दोन गोष्टी इतक्या ठळक होत्या की वर्गात माझं नाव कुणी घेत नसे. मला 'भाता' म्हणायचे. लोहाराचा भाता फुगतो आणि सूं सूं करतो, तशी मी.

आमचं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. मिरची, हळद, तुरीची पोती, त्यांचा धुरळा थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, धाकटा भाऊ मी जन्मायच्या आधी ऐन विशीत दम्यानं गेला होता. तेव्हापासून घरात एक कायदा होता. धाप लागेल असं काही करायचं नाही. अप्पांची मोठी बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची, आणि त्या कायद्याची राखण तिच्याकडे होती. मी माळवदावर जायला निघाले की खालून "सावकाश" असा आवाज यायचा. मोठ्यानं हसले तरी म्हणायची, "लय हसू नको, धाप लागंल."

खाण्यावर मात्र कसलाच कायदा नव्हता. धाप लागून ओसरली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि दुकानातली बिस्किटं, शेव, गुडदाणी माझ्यापुढं यायची. बाकीच्या पोरींना खेळ मिळायचा, मला खाऊ. गावातले डॉक्टर सुई मारायचे आणि बारीक पांढऱ्या गोळ्या द्यायचे. त्या गोळ्यांनी छाती मोकळी व्हायची, पण भूक अशी पेटायची की मी उरलेली भाकरीसुद्धा सोडत नसे, आणि तोंड पुरीसारखं फुगायचं.

सातवीत असताना, कापूस वेचणीच्या दिवसांत, मला असा जोराचा दमा उठला की सुईनं काही झालं नाही. ओठ निळे पडले म्हणून अप्पांनी जीप ठरवली आणि मला परभणीला लेकरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई तोडून टाकल्यासारखं बोलायच्या. मुखवट्यातून वाफ दिली, सलाईन लावलं, आणि मी उठून बसण्याजोगी झाले तेव्हा खाटेवर शेजारी येऊन बसल्या.

"शाळेत काय खेळतेस?"

"चपला सांभाळते."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. मग त्या अप्पांकडे वळल्या. "हिला बसवून कुणी ठेवलंय?"

"दमा आहे तिला, डॉक्टर."

"म्हणून तर विचारतेय. दम लागेल म्हणून बसवता. बसून वजन वाढतं. वजन छातीवर बसतं, मग दोन पावलांत दम लागतो, की पुन्हा बसवता. ही पोर आजारानं जेवढी अडलीय तेवढीच तुमच्या काळजीनं अडलीय."

अप्पांशी असं कुणी बोलत नसे. माय भिंतीला टेकून उभी होती. पदर तोंडाशी धरून ती नीट ऐकत होती.

डॉक्टरबाईंनी दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, धाप असो नसो. दुसरा पळायच्या आधी घ्यायचा आणि थोडा वेळ थांबायचं. गोळ्या त्या सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. दुकानातला खाऊ दुकानात राहू द्यायचा. थंडीत नाकातोंडाला मफलर बांधायचा. सुरुवात चालण्यानं करायची, मग थोडं पळणं, थोडं चालणं. आणि एक गोष्ट त्यांनी मला दोनदा म्हणायला लावली. "पळताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर पळ. शब्द तुटायला लागले की चाल. छातीत शिट्टी वाजली तर थांब आणि पंप घे."

जीपमधून परत येताना अप्पा म्हणाले, "पंप म्हणजे शेवटचा इलाज. एकदा लागला की सुटत न्हाई म्हणतात. आन् पळवायचं? हिला?"

माय खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "भावजी तर बसूनच होते की."



माझ्या अंगानं थोडी ताकद धरल्यावर एका पहाटे मायनं अंघोळ केली, लिंगपूजा उरकली, माझ्या तोंडाला मफलर गुंडाळला आणि मला घेऊन निघाली. आत्या दारात आडवी आली नाही, पण तिनं मायच्या हातात तांब्या दिला. "हा तरी धर. उगं चालत निघालाव, लोक काय म्हणतील?"

मायनं तांब्या खाली ठेवला. "तांब्या धरून खोटं चालू का, आक्का?"

बाईमाणसानं घराबाहेर पडायचं तर कारण लागतं. पाणी, वावर, देऊळ, दळण, नाहीतर तांब्या. कारणाशिवाय चालणारी बाई गावानं पाहिली नव्हती. गल्लीतल्या अंगण झाडणाऱ्या बाईनं विचारलं, "कुठं जायलाव?"

"चालायला."

"चालायला म्हंजे? कुठं?"

"सेलूच्या रस्त्यानं."

"सेलूला? एवढ्या पहाटं?"

"न्हाई. माघारी येणार."

ती बाई खराटा धरून बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मायनं पुन्हा तेच सांगितलं. पुढं पुढं विचारणाऱ्या वाढल्या. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे पोरीला बाहेरचं झालंय. मायनं कुणालाही समजावून सांगितलं नाही. "पोरीला चालवायला जायले," एवढंच.

पहिल्यांदा मी गावाबाहेरच्या पुलापर्यंतही पोचले नाही. मांड्या घासून सोलल्या, पोटऱ्या भरून आल्या. तिथं तेल लावून पुन्हा दुसऱ्या दिवशी. पुलापर्यंत गेले, मग पुलापलीकडे. मग आम्ही रस्त्याकडेचे विजेचे खांब धरले. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, पुढचा खांब येईस्तोवर चालायचं. माय लुगड्याचा काचा घट्ट मारून मागून भराभरा यायची. सायकलीवरून दूध घालायला निघालेली पोरं ओरडायची, "भाता सुटला, भाता सुटला." मी थांबायचे. माय म्हणायची, "तू पळ. त्यांचं तोंड दमलं की ते घरी जातेल."

बोलण्याची मात्र पंचाईत होती. मायशी पळता पळता काय बोलायचं? ती म्हणाली, पाढे म्हण. मग मी एकोणतीसचा पाढा म्हणत पळायचे. पाढा अडला की चालायचं. कधी दमानं अडायचा, कधी यायचाच नाही म्हणून अडायचा.

गावाबाहेर, त्याच रस्त्याला, निळ्या झेंड्याची वस्ती होती. माझ्या वर्गातली एक पोरगी तिथं राहायची. शाळेत सगळ्यात जोरात तीच पळायची. तिच्या चपला माझ्याकडे कधी आल्या नाहीत, कारण तिला चपला नव्हत्या. एका सकाळी ती हापशावर घागर भरत होती. मी पाढा म्हणत गेले, आणि मागून तिचा आवाज आला.

"पाढे म्हणत कुणी पळतं का गं?"

मी धापा टाकत तिला डॉक्टरबाईंचा नियम सांगितला. तिला तो फार आवडला. घागर तिथंच ठेवून ती माझ्याबरोबर आली. "मग बोल की. पाढे कशाला?"

"काय बोलू?"

"थांब, मी सांगते." आणि तिनं तिच्या मावशीच्या लग्नात वरमाय कशी रुसून बैलगाडीत बसली आणि बैल तिला घेऊन निघून गेले, ते सांगायला घेतलं. मी मधून मधून विचारत होते. मग? पुढं? कुणी आणलं तिला? खांब कधी मागे पडला मला कळलं नाही. माय लांब मागे राहिली होती.

त्या दिवसापासून ती रोज यायची. तिचं पळणं माझ्यापेक्षा किती तरी वेगाचं, पण ती माझ्या चालीनं पळायची आणि तोंड चालू ठेवायची. माझे शब्द तुटले की तीच म्हणायची, "चाल आता." आम्ही कशावर बोललो नाही ते विचारा. सरांच्या पँटवर, देवावर, पाळी येते म्हणजे काय होतं त्यावर, तिच्या भावाच्या पुस्तकांवर, आमच्या गळ्यातल्या लिंगावर. शाळेत बाकावर बसून आम्ही एवढं कधीच बोललो नसतो. तिथं ती एका बाजूला बसायची, मी दुसऱ्या.

वर्ष गेलं आणि तो हिवाळा आला. विद्यापीठाच्या नावावरून आम्ही जन्मायच्या आधीपासून मराठवाडा धुमसत होता. तेव्हा गावोगावी वस्त्यांमधली घरं जाळली होती, हे मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत, पण तिला ते ठाऊक होतं. तिच्या बापाचं घर जळालेल्यांत होतं. आता नाव बदलणारच असं लोक बोलायला लागले आणि सगळं पुन्हा तापलं. आज बंद, उद्या मोर्चा, एसटीच्या काचा फुटल्या, शाळा मधेच सुटली. वस्तीतली माणसं आमच्या दुकानात यायची बंद झाली. दुकानाच्या फळीवर बसणारी माणसं अप्पांना सांगायला लागली, "घरची मंडळी रोज तिकडून जातेत. दिवस बरे न्हाईत. आन् ती पोरगी सोबत असती म्हणे."

अप्पांनी जेवताना विषय काढला. "थोडे दिवस बंद ठेवा."

माय भाकरी वाढत होती. "दमा ऱ्हातो का थोडे दिवस बंद?"

"तोच रस्ता कशाला पाहिजे? दुसरीकडं जा."

"दुसरीकडं खांब न्हाईत."

अप्पा ताटावरून उठले नाहीत, पण पुढं जेवलेही नाहीत. मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, ते घाबरले होते, आणि त्यांच्या भीतीला कारणही होतं. पण मायची भीती त्यांच्याहून जुनी होती. ती सकाळी माझ्या मफलरची गाठ सोडून पुन्हा बांधायची, हे मला रोज कळायचं. ती दोनदा बांधायची आणि दार उघडायची.

त्यानंतर एका सकाळी हापशावर मैत्रीण नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. शाळेत मी तिला गाठलं. ती म्हणाली, "बाप नको म्हणला. म्हणला, गावाला राग आला तर तो आपल्यावर निघतो. तिच्यावर न्हाई निघत."

मी घरी येऊन मायला ते जसंच्या तसं सांगितलं. मायनं ऐकून घेतलं. दुसऱ्या पहाटे वस्ती आली तेव्हा ती रस्ता सोडून आत वळली. मी तिच्या मागं. मैत्रिणीची आई दारापुढच्या चुलीवर भाकरी थापत होती. तिला कापूस वेचायला जायचं होतं. आम्हाला बघून ती उठायला लागली, तर मायच तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"पोरीला पाठवा, बाई."

"तिच्या बापाला भेव वाटतं."

"मला बी वाटतं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग कशाला आलाव?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, पळताना बोलायचं. माझ्याशी ही बोलत न्हाई, पाढे म्हणती. तुमच्या पोरीशी बोलती."

ती बाई मायकडे बघत राहिली आणि मग हसली. "आमची पोरगी औषीद हाय म्हना की."

"हायच."

मैत्रिणीचा बाप आतून बाहेर आला. दारात उभा राहून त्यानं मायकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्याची बायको त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "येकटी न्हाई पाठवनार मी. मीच येते संगं, फाट्यापोत्तर. वावरात तर जायाचंच हाय." मग तिनं चहा ठेवला. आम्ही तो तिथंच बसून प्यालो.

ती बातमी आमच्या आधी घरी पोचली. आत्या चुलीपाशी बसून होती. "तिथं चहा घेतलास म्हणं."

"घेतला," माय म्हणाली. "गोड होता."

त्यानंतर आम्ही चौघी झालो. पुढं आम्ही दोघी पळत आणि बोलत, मागं दोन आया चालत. काही दिवसांनी मागूनही बोलण्याचा आवाज यायला लागला. दुकानाच्या फळीवर बसणाऱ्यांपैकी एकानं एकदा मायला रस्त्यात अडवलं. "वैनी, कशाला उगं गावाला चिडवायलाव?"

"रस्ता एसटीचा हाय, भावजी. तुमच्या वावरातून पळाले तर सांगा."

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. वस्तीत त्या रात्री वाजतगाजत होतं, आणि गावात दुकानांची दारं लोटलेली होती. अप्पांनीही लोटलं. दुसऱ्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, आज माय जायची नाही. ती निघाली. पुलापाशी मैत्रीण आणि तिची आई उभ्या होत्या. मी मैत्रिणीला तिळगूळ दिला. तो तिनं तोंडात टाकला आणि म्हणाली, "काल लय नाचले. पाय दुखायलेत. आज तू बोल."

त्याच महिन्यात झेंडावंदनाच्या दिवशी शाळेच्या स्पर्धा होत्या. मुलींची लांब पल्ल्याची शर्यत शाळेपासून निघून गावाला वळसा घालून पुन्हा शाळेत यायची. मी रेघेवर जाऊन उभी राहिले. खेळाच्या सरांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

"मला पळायचंय, सर."

"मरायचंय का? काय झालं तर जिम्मेदारी कुणाची?"

"माझी."

"तू लेकरू हायस."

"मग मायची. ती बाहेर उभी हाय, विचारा."

सरांनी फाटकाकडं पाहिलं. माय तिथं उभी होती. ती हसली नाही, तिनं हातही हलवला नाही. सर म्हणाले, "आन् चपला कोण सांभाळंल?"

"ज्याच्या त्यानं," मी म्हणाले.

ते मला हाताला धरून ओढतील असं वाटत होतं, तेवढ्यात दुसऱ्या सरांनी शिट्टी फुंकली आणि मी सगळ्यांबरोबर निघाले.

मैत्रिणीला मी आधीच बजावलं होतं, माझ्यासाठी थांबायचं नाही. ती थांबली नाही. बघता बघता दिसेनाशी झाली. बाकीच्या पोरीही पुढं गेल्या. मी एकटी मागं, आणि बोलायला कुणी नाही. मग मी माझी मीच बोलायला लागले, मोठ्यानं. सरांना जे म्हणायचं होतं ते म्हटलं. सायकलवाल्या पोरांना म्हटलं. फळीवर बसणाऱ्या माणसांना म्हटलं. गावातली माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती. दुकानदाराची जाड पोरगी एकटीच बडबडत पळते, त्यांच्या दृष्टीनं नवसाची गोष्ट खरी ठरली असणार. पिठाच्या गिरणीपाशी माझे शब्द तुटले. मी चालायला लागले. छातीत बारीक शिट्टी ऐकू आली तेव्हा भिंतीला टेकले, पंप घेतला आणि थांबले. कुणीतरी म्हणालं, "बस झालं, पोरी, घरी जा." मी मान हलवली. श्वास जागेवर आला, मी एक पूर्ण वाक्य म्हणून बघितलं. ते सरांबद्दलच होतं. मग पुन्हा पळाले.

बारवेजवळ, सुरुवातीला भन्नाट सुटलेल्या काही पोरी कंबर धरून बसल्या होत्या. मी त्यांच्या बाजूनं गेले. जोरात नाही, माझ्याच चालीनं. शाळेत शिरले तेव्हा मैत्रिणीला पहिली आल्याचं सांगून झालं होतं आणि सर पुढच्या खेळाची तयारी करत होते. माझ्यामागून अजून पोरी यायच्या होत्या.

कुंपणाच्या भिंतीपाशी आत्या उभी होती. सकाळी ती म्हणाली होती, मी असलं बघायला येणार नाही. तिच्या पदराला गाठ होती आणि गाठीत माझा घरी राहिलेला दुसरा पंप. मी जवळ गेले तर ती माझ्या छातीला कान लावायला वाकली, भर मैदानात. मग सरळ झाली. "तुझ्या काकाला बी पळायचं असायचं," ती म्हणाली. "मीच हाताला धरून बसवायची." मी तिचा हात धरून ठेवला.

माझा दमा गेला नाही. आजही थंडीत पंप जवळ असतो, आणि मी काही बारीक झाले नाही. मैत्रीण पुढं शिकायला परभणीला गेली, मग पोलिसात भरती झाली. आमचं बोलणं अजून चालूच आहे, आता फोनवर.

शर्यतीनंतरच्या उन्हाळ्यात आम्ही तपासणीला परभणीला गेलो. डॉक्टरबाईंनी पाठीवर नळी ठेवून कितीतरी वेळ श्वास घ्यायला, सोडायला लावला. "शिट्टी नाही," त्या म्हणाल्या. मग काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा पडला. "वजन म्हणावं तसं उतरलं नाही हो."

"वजनाचं आमी बघू," माय म्हणाली. "तुमी छाती बघा."

अप्पा तिच्या शेजारीच बसले होते. ते खाली बघून हसले.

दवाखान्यातून निघून आम्ही बाजारात गेलो. मायनं माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट घेतले आणि दुकानदाराला म्हणाली, "माझ्या मापाचे बी दाखवा." त्यानं अप्पांकडं पाहिलं. अप्पा म्हणाले, "त्या मागायल्यात, त्यान्ला दाखवा." मायनं पांढरे निवडले. लुगड्याखाली ते पायात घातले, दुकानातच दोन फेऱ्या मारल्या आणि तसेच घालून एसटीत बसली. वालूरला उतरून ती मागच्या बोळातून घरी जाऊ शकली असती. ती मोठ्या गल्लीनं गेली, दुपारच्या उजेडात, फळीवर बसलेल्या सगळ्यांच्या समोरून.